इसेन्शियल ऑइल घरात वापरताना: आपल्याकडच्या ऋतुमानाप्रमाणे नवख्यांसाठी मार्गदर्शन

वनस्पतींच्या पानांत, मुळांत, सालींत किंवा फुलांत असलेला आणि हवेत सहज उडून जाणारा सुगंधी अंश वेगळा काढला की त्याला इसेन्शियल ऑइल म्हणतात. बहुतेक तेले वाफेने काढली जातात: कापलेले गवत किंवा पाने मोठ्या भांड्यात दाबून भरतात, त्यांतून वाफ सोडतात, ती वाफ नळीतून नेऊन थंड करतात आणि पाण्यावर तरंगणारा तेलाचा थर निथळून घेतात. लिंबू-संत्र्याच्या सालींचे तेल मात्र बहुधा उष्णता न देता, दाबून काढतात. ओल्या गवती चहात तेलाचे प्रमाण जेमतेम अर्धा टक्का, बरेचदा त्याहूनही कमी असते. याचा अर्थ असा, की ड्रॉपरमधून पडणारा एक थेंब हा सुमारे दहा ग्रॅम ओल्या पातीचा अर्क असतो, आणि चहाच्या कपाला आपण पातीचे दोन-चार तुकडेच टाकतो. हे प्रमाण लक्षात राहिले तर पुढच्या बऱ्याच सूचना वेगळ्या समजावून सांगाव्या लागणार नाहीत.

नवख्या माणसाचा पहिला गोंधळ नावांचा होतो. खोबरेल, तिळाचे तेल, बदामाचे तेल ही घाण्यावर काढलेली स्निग्ध तेले आहेत आणि ती अंगाला जशीच्या तशी लावता येतात. ब्राह्मी तेल किंवा नारायण तेल हे औषधी वनस्पतींचा काढा आणि कल्क, म्हणजे वाटून केलेला लगदा, तेलात शिजवून सिद्ध केलेले असते. कनौजचे पारंपरिक अत्तर म्हणजे फुलांचा अर्क थेट चंदनतेलात उतरवलेला असतो. इसेन्शियल ऑइल या तिन्हींपेक्षा वेगळे आणि कितीतरी तीव्र असते. नावात ‘ऑइल’ असले तरी त्यात चिकटपणा जवळजवळ नसतो आणि ते थेट त्वचेवर लावायचे नसते. औषधांच्या दुकानातले निलगिरी तेल आणि लवंग तेल हीही इसेन्शियल ऑइलेच आहेत, त्यामुळे या प्रकाराशी आपली ओळख नवी नाही.

ऋतूप्रमाणे सुगंध बदलण्याची कल्पनाही आपल्याकडे जुनीच आहे. आयुर्वेदातल्या ऋतुचर्येत उन्हाळ्यासाठी चंदन आणि वाळ्याचे लेप सांगितले आहेत, तर थंडीसाठी अगरू आणि केशर. मात्र ते लेप, उटणी आणि धूप होते. आजच्या बाटलीतल्या तेलाला ते वर्णन तसेच्या तसे लावणे बरोबर नाही. बाजाराने या कल्पनेचा अर्थ सोयीने असा लावला आहे, की दर दोन महिन्यांनी नवा संच विकत घ्यावा. माझ्या मते सुरुवात करणाऱ्याला चार बाटल्या पुरतात. पावसाळा लागला किंवा थंडी पडली की त्याच चार बाटल्या वेगळ्या रीतीने वापरायच्या, आणि काही आठवडे तर त्या बंदच ठेवायच्या.

कोणत्या चार बाटल्या घ्याव्यात

पहिली गवती चहाची. हिचा वास लिंबासारखा, स्वच्छ आणि तरतरी आणणारा असतो, कारण तिच्यात सिट्रल नावाचा घटक साधारण ७० ते ८० टक्के असतो. याच सिट्रलमुळे हे तेल त्वचेला लवकर झोंबते, म्हणून अंगाला लावण्यापेक्षा खोलीत दरवळण्यासाठी ते अधिक योग्य आहे.

दुसरी वाळ्याची. मुळांपासून काढलेले हे तेल काकवीसारखे घट्ट असते, ड्रॉपरमधून हळूहळू ओघळते, आणि त्याचा वास पहिल्या पावसानंतरच्या मातीच्या जवळ जाणारा, संथ आणि टिकाऊ असतो. कापडावर पडलेला थेंब दुसऱ्या दिवशीही जाणवतो, त्यामुळे इतर तेलांच्या निम्म्याने घेतले तरी काम होते.

तिसरी रोशा गवताची, जिच्या बाटलीवर ‘पामारोझा’ असे लिहिलेले असते. हिच्याकडे मराठी वाचकांचे विनाकारण दुर्लक्ष होते. हे गवत खानदेशात आणि विदर्भातल्या डोंगराळ भागात मूळचेच आहे, आणि एकोणिसाव्या शतकात खानदेशातून रोशाचे तेल मुंबईमार्गे परदेशी जात असे. त्यातल्या जिरॅनिऑल या घटकामुळे त्याला गुलाबासारखा गोडसर वास येतो. इतका, की तुर्कस्तानच्या बाजारात महागड्या गुलाबतेलात ते भेसळीसाठी वापरले जाई. गुलाबाचे एक किलो तेल काढायला तीन ते पाच हजार किलो पाकळ्या लागतात, तेव्हा ती भेसळ का होत असावी हे सांगायला नको. प्रामाणिकपणे ‘रोशा’ म्हणून विकत घेतले तर ते स्वस्त पडते, आणि चारही तेलांत त्वचेला ते सर्वांत सौम्य आहे.

चौथी निलगिरीची. सर्दीच्या दिवसांत तिचा उपयोग होतो, आणि बहुतेक घरांत ती आधीच असते. ज्यांना लॅव्हेंडर आवडते त्यांनी निलगिरीऐवजी ते घ्यायला हरकत नाही. जम्मूच्या डोडा-भदरवाह भागात आता त्याची चांगली लागवड होते, त्यामुळे ते आयात केलेलेच असले पाहिजे असे नाही.

विकत घेताना

बाटलीवर वनस्पतीचे शास्त्रीय नाव, तेल कोणत्या भागापासून काढले, काढण्याची पद्धत, बॅच क्रमांक आणि मुदत या गोष्टी छापलेल्या असाव्यात. ‘फ्रेग्रन्स ऑइल’, ‘अरोमा ऑइल’ किंवा ‘नेचर आयडेंटिकल’ असे शब्द दिसले तर ते कृत्रिम सुगंध किंवा मिश्रण आहे असे समजावे. दोन नावांबाबत विशेष सावध राहावे लागते. मोगऱ्याच्या फुलांचा नाजूक वास वाफेत टिकत नाही, म्हणून त्याचा अर्क द्रावकाने काढतात आणि तो महाग असतो. दोनशे रुपयांत मिळणारे ‘शुद्ध मोगरा इसेन्शियल ऑइल’ हे शुद्ध नसते. चंदनाचेही तेच. खऱ्या चंदनतेलाच्या काही मिलिलिटरलासुद्धा हजारांत पैसे मोजावे लागतात.

घरी एक साधी तपासणी करता येते. कोऱ्या पांढऱ्या कागदावर गवती चहाच्या तेलाचा एक थेंब टाकून तो कागद दिवसभर पंख्यापासून दूर ठेवावा. थेंब उडून गेला आणि फार तर फिकट पिवळसर छटा उरली तर ठीक. कागद भज्यांच्या पुडीसारखा तेलकट आणि अर्धपारदर्शक राहिला तर त्यात स्निग्ध तेल मिसळलेले आहे. वाळा आणि चंदन ही तेले मुळातच सावकाश उडतात, त्यामुळे त्यांना ही कसोटी लागू पडत नाही, आणि कृत्रिम रसायनाची किंवा अल्कोहोलची भेसळ तर हिच्यात मुळीच कळत नाही. तिच्यासाठी प्रयोगशाळेचा जीसी-एमएस अहवाल, म्हणजे तेलातले घटक वेगळे करून ओळखणाऱ्या चाचणीचा अहवाल लागतो. चांगले विक्रेते तो बॅचनुसार दाखवतात. पहिली खरेदी १० मिलिलिटरच्या बाटलीचीच करावी आणि बाटली गडद रंगाच्या काचेची असावी, कारण अशी तेले प्लास्टिकला हळूहळू खातात.

मोजमाप आणि पूर्वचाचणी

एक मिलिलिटर म्हणजे ढोबळमानाने २० थेंब. चहाचे दोन चमचे भरून तेल घेतले तर ते सुमारे १० मिलिलिटर, म्हणजे २०० थेंब होते. त्यात इसेन्शियल ऑइलचे दोन थेंब घातले की एक टक्क्याचे मिश्रण तयार होते. निरोगी प्रौढ माणसाने अंगाला लावण्यासाठी सुरुवातीला एक टक्काच ठेवावा आणि दोन टक्क्यांच्या पुढे जाऊ नये. चेहऱ्यासाठी अर्धा टक्का पुरेसा आहे, म्हणजे त्याच दोन चमच्यांना एकच थेंब. गवती चहाचे तेल अंगासाठीही याच अर्ध्या टक्क्यात वापरावे. ‘थोडे जास्त घातले तर लवकर गुण येईल’ हा विचार इथे उलटा पडतो: जास्त तीव्र मिश्रणाने त्वचेला एकदा वावडे निर्माण झाले की ते बहुधा कायमचे राहते, आणि मग त्याच घटकाचा साबण किंवा क्रीमही चालत नाही.

मिश्रण तयार झाल्यावर त्याचा एक ठिपका कोपराच्या आतल्या बाजूला लावून २४ ते ४८ तास वाट पाहावी. खाज, लाली, पुरळ किंवा आग झाली नाही तरच पुढे जावे. आग झालीच तर आधी साध्या खोबरेलाने पुसून काढावे आणि मग साबणाने धुवावे, कारण ही तेले नुसत्या पाण्याने निघत नाहीत.

परदेशी पुस्तिकांमध्ये ‘आंघोळीच्या पाण्यात पाच थेंब टाका’ अशी सूचना सर्रास आढळते, पण ती आपल्या बादली-तांब्याच्या आंघोळीला गैरलागू आहे आणि टबासाठीही फारशी चांगली नाही. तेल पाण्यात विरघळत नाही. ते वर तरंगते आणि पहिल्याच तांब्याबरोबर न मिसळलेला थेंब खांद्यावर किंवा डोळ्यांत येतो. त्याऐवजी आंघोळीपूर्वी अंगाला लावायच्या तेलात तो मिसळावा.

उन्हाळा

उन्हाळ्यात वाळा हा आपला नैसर्गिक सोबती आहे, पण इथे मूळ आणि तेल यांत फरक करावा लागतो. माठात वाळ्याच्या मुळांची स्वच्छ धुतलेली जुडी टाकतात; तेलाचा थेंब माठात किंवा सरबतात कधीही टाकू नये. विदर्भ-मराठवाड्यात कूलरच्या टाकीत सुगंधी तेल ओतण्याची टूम दिसते, तीही टाळावी, कारण त्यामुळे रात्रभर बंद खोलीत तीव्र वास कोंडतो आणि पंपाचे प्लास्टिक खराब होते. कूलरला वाळ्याचीच ताटी लावणे सर्वांत उत्तम. तेल वापरायचे तर दोन चमचे खोबरेलात वाळ्याचा एक थेंब घालून ते रात्री तळपायांना चोळावे, किंवा सुती रुमालाच्या कोपऱ्याला एक थेंब लावून तो उशापाशी ठेवावा.

एक गोष्ट ठामपणे सांगितली पाहिजे. पुदिना किंवा मेंथॉल लावल्यावर गार वाटते ते त्वचेतल्या गारवा ओळखणाऱ्या मज्जातंतूंना ते चेतवते म्हणून. शरीराचे तापमान त्याने उतरत नाही. चंद्रपूर-नागपूरकडे पारा ४५ अंशांवर जातो तेव्हा उष्माघाताची लक्षणे दिसणाऱ्या माणसाला सावली, पाणी, ओल्या फडक्याने पुसणे आणि तातडीने दवाखाना हेच उपाय आहेत. याच दिवसांत लिंबू किंवा बर्गमॉट या लिंबूवर्गीय फळाचे दाबून काढलेले तेल लावून उन्हात गेल्यास त्वचा भाजल्यासारखी काळवंडू शकते. असे तेल लावल्यावर निदान १२ तास त्या भागावर ऊन पडू देऊ नये.

पावसाळा

मुंबईत आणि कोकणात जुलै-ऑगस्टमध्ये हवेत इतका दमटपणा असतो, की तेलाचे थेंब घातलेल्या पाण्याचे बारीक तुषार हवेत उडवणारा अल्ट्रासॉनिक डिफ्यूझर लावणे म्हणजे आधीच ओल्या भिंतींना आणखी ओल देणे होय. या काळात तो धुऊन, कोरडा करून कपाटात ठेवावा आणि त्याऐवजी मातीची कोरी पणती वापरावी. पणतीत गवती चहाचे दोन थेंब आणि रोशाचा एक थेंब टाकला की माती ते शोषून घेते आणि तीन-चार तास मंद वास सोडत राहते. पाणी नाही, वीज नाही आणि खर्चही नाही. फक्त ही पणती दिव्यासाठी पुन्हा वापरू नये आणि देवघरातल्या पेटत्या समईजवळ ठेवू नये, कारण ही तेले ज्वालाग्राही आहेत.

कपाटातल्या कुबट वासासाठी वाळ्याची वाळलेली जुडी तेलापेक्षा बरी; तिचे कपड्यांवर डाग पडत नाहीत. भिंतीवर बुरशी धरली असेल तर मात्र सुगंधाने ती झाकली जाते, जात नाही. गळती बंद करणे, खिडकी उघडणे आणि भिंत पुसून वाळवणे यांना पर्याय नाही.

डासांबद्दल सर्वाधिक भाबड्या अपेक्षा असतात. सिट्रोनेला (गवती चहाच्याच जातकुळीतले गवत) आणि गवती चहाच्या वासाने डास काही काळ दूर राहतात हे खरे, परंतु तो परिणाम लवकर ओसरतो, बहुतेकदा तासा-दोन तासांत. डेंग्यूचा डास तर दिवसा चावतो आणि कुंडीखालच्या बशीतल्या साचलेल्या पाण्यात वाढतो. त्यामुळे आठवड्यातून एकदा पाणी साठवण्याची भांडी कोरडी करणे, मच्छरदाणी आणि प्रमाणित रिपेलंट हा पाया धरावा, आणि तेल हे फार तर जोडीला ठेवावे. पायाला चिखल्या झाल्या असतील किंवा साचलेल्या पाण्यातून चालताना जखम झाली असेल तर तिथे तेलांचे प्रयोग करू नयेत. चिखल्यांसाठी पाय कोरडे ठेवणे आणि औषध महत्त्वाचे आहे. पुराच्या पाण्यातून जखम घेऊन आलेल्याने लेप्टोच्या (लेप्टोस्पायरोसिस या जंतुसंसर्गाच्या) धोक्यामुळे डॉक्टरांनाच भेटावे.

ऑक्टोबरची उष्णता आणि दिवाळी

पाऊस संपून ऊन तापू लागते तेव्हा पुन्हा उन्हाळ्याचीच रीत धरावी, तीही कमी प्रमाणात. दिवाळीच्या अभ्यंगासाठी अर्धी वाटी तिळाचे तेल, म्हणजे साधारण ७५ मिलिलिटर, कोमट करून विस्तवावरून उतरवावे, हाताला सोसेल इतके झाले की त्यात रोशाचे दहा थेंब आणि वाळ्याचे तीन थेंब घालावेत. गरम तेलात थेंब घातले तर वास स्वयंपाकघरातच उडून जातो. वर जे उटणे लावतो त्यात वाळा, नागरमोथा, कचोरा, गुलाबपाकळी असे सुगंधी पदार्थ असतातच, म्हणून तेलात याहून जास्त भर घालण्याचे कारण नाही. लहान मुलांसाठी तिळाचे तेल साधेच ठेवावे.

हिवाळा

खोबरेल सुमारे २४ अंशांखाली थिजते, त्यामुळे नाशिक-पुण्याच्या थंडीत मिश्रणासाठी तीळ किंवा बदामाचे तेल सोयीचे पडते. हवा कोरडी असल्याने डिफ्यूझर आता बाहेर काढता येतो: १०० मिलिलिटर पाण्याला तीन-चार थेंब, अर्धा तास चालवून बंद करावा आणि एखादी खिडकी किलकिली ठेवावी. रात्रभर चालू ठेवून काही साधत नाही, कारण नाक थोड्याच वेळात त्या वासाला सरावते आणि डोकेदुखी मात्र पदरात पडते. अमेरिका-युरोपातल्या बंद, हीटर लावलेल्या घरांत राहणाऱ्या मराठी मंडळींनी हा अर्ध्या तासाचा नियम अधिक काटेकोरपणे पाळावा.

सर्दीत वाफ घ्यायची असेल तर पातेले विस्तवावरून उतरवून स्थिर जागी, टेबलावर ठेवावे, त्यात निलगिरीचा एकच थेंब टाकावा, डोळे मिटावेत, चेहरा हातभर अंतरावर ठेवावा आणि तीन-चार मिनिटांत उठावे. यातून नाक मोकळे झाल्यासारखे वाटते, जिवाला बरे वाटते. सर्दी लवकर जाते असा दावा मी करणार नाही. मुलांना पातेल्यावर वाकवून वाफ देणे पूर्णपणे टाळावे, कारण उकळते पाणी सांडून भाजण्याचा धोका मोठा असतो. वसंतात परागकणांनी शिंका येणाऱ्यांनी तर काही आठवडे सगळ्या बाटल्या बंद ठेवलेल्या बऱ्या.

कोणी वापरू नये

दोन वर्षांखालच्या बाळाच्या आसपास निलगिरी, पुदिना, कापूर यांपैकी काहीही नको. बाळाला सर्दी झाली की कापूर आणि ओव्याची पुरचुंडी गळ्यात किंवा पाळण्याला बांधण्याची पद्धत अनेक घरांत आजही आहे, आणि ती सांगणारी आजी मायेनेच सांगते. तरीही ओवा ठेवून कापूर वगळावा, आणि पुरचुंडी बाळाच्या हाताला लागणार नाही अशी दूर ठेवावी. कापूर लहानग्यांच्या पोटात गेला किंवा फार हुंगला गेला तर झटके येऊ शकतात, आणि त्यावर ‘भीमसेनी’ लिहिलेले असल्याने हा धोका कमी होत नाही. गर्भवती स्त्रिया, दम्याचे आणि फिट्सचे रुग्ण, तसेच नियमित औषधे घेणारे यांनी डॉक्टरांना विचारूनच सुरुवात करावी. घरात मांजर असेल तर टी ट्री (एका ऑस्ट्रेलियन झाडाचे तेल) आणि निलगिरी वर्ज्य समजावीत. मांजराच्या यकृताला हे घटक नीट पचवता येत नाहीत, आणि ते अंग चाटत असल्याने अंगावर पडलेले तेल पोटात जातेच.

कोणतेही इसेन्शियल ऑइल पिऊ नये, मधातून चाटवू नये आणि जिभेवर थेंब टाकू नये. पुदिन्याच्या तेलाच्या कॅप्सूल आतड्यांच्या तक्रारींवर दिल्या जातात, पण त्यांचे आवरण आणि मात्रा औषध म्हणून ठरवलेली असते. बाटलीतला थेंब म्हणजे ते औषध नव्हे.

साठवण आणि अपघात

बाटली घट्ट बंद करून थंड, अंधाऱ्या जागी, मुलांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवावी आणि तिच्यावर उघडल्याची तारीख लिहावी. हवा लागून लिंबूवर्गीय तेले वर्षभरात, तर गवती चहा आणि निलगिरी दोनेक वर्षांत उतरणीला लागतात; वाळा मात्र जुना होईल तसा अधिक मुरतो. वास आंबूस किंवा टर्पेंटाइनसारखा झाला तर ते तेल अंगाला लावू नये, कारण जुन्या तेलाने त्वचेला वावडे होण्याची शक्यता ताज्यापेक्षा जास्त असते. टाकून द्यायचे तेल मोरीत न ओतता कागदात किंवा भुश्श्यात शोषून कचऱ्यात द्यावे.

डोळ्यांत थेंब गेला तर डोळा उघडा धरून भरपूर स्वच्छ पाण्याने दहा-पंधरा मिनिटे धुवावा आणि डॉक्टरांना दाखवावा. मुलाने तेल प्यायले असा नुसता संशय आला तरी उलटी करवू नये, कारण उलटीतून तेल फुप्फुसात जाण्याची भीती असते. निलगिरीच्या काही मिलिलिटरनेही लहान मुलाला ग्लानी किंवा झटके येऊ शकतात. लक्षणांची वाट न पाहता रुग्णालय गाठावे आणि बाटली सोबत न्यावी, म्हणजे नेमके काय आणि अंदाजे किती पोटात गेले हे डॉक्टरांना लगेच कळते.